दोन बोटांतली तार

साखर कारखान्यात उसाचा रस काढायला मिल असते, तो निवळायला चुना आणि गंधकाचा धूर असतो, आटवायला वाफ असते. पण आटलेल्या रसात दाणा धरायला माणूसच लागतो. त्याला पॅनमन म्हणतात. जमिनीपासून बरंच वर, पॅनच्या मजल्यावर तो आठ तास उभा असतो. समोर घरापेक्षा मोठी बंद भांडी, त्यांना गोल काचेच्या खिडक्या, आत व्हॅक्यूममध्ये उकळणारा पाक. व्हॅक्यूममुळे तो साठ-सत्तर अंशांतच उकळतो, म्हणून करपत नाही. पॅनमन मधूनच प्रूफ स्टिक नावाचा लांब दांडा पॅनच्या पोटातून ओढतो, त्यावरचा पाक काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरतो आणि उरलेला अंगठा आणि तर्जनीत घेऊन बोटं हळूच लांब करतो. तार कुठं तुटते यावरून त्याला कळतं, आता दाणा धरायचा की थांबायचं. घरी लाडवाचा एकतारी पाक बघणाऱ्या बाईला हे लगेच समजेल. फरक एवढाच, की इथं पातेल्यात कित्येक टन माल असतो.

माझा एक जुना मित्र असा पॅनमन. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला आणि पॅन इनचार्ज होऊन निवृत्त झाला. त्याची भाची एका खासगी कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आहे. शिफ्ट सांभाळते, शिकलेली आहे आणि हट्ट मामाचाच घेतलाय. परवा गणपतीत ती आली ती वही घेऊनच. हंगाम दोन महिन्यांवर, तिच्याकडचे दोन जुने पॅनमन एकदमच निवृत्त होणार. मामानं सांगावं, आपण लिहावं, नव्या पोरांच्या हातात द्यावं, असा साधा बेत. मामा म्हणाला, "चहा घे. वही पिशवीत ठेव."

तिथून जे सुरू झालं ते जेवणं झाल्यावरही संपलं नाही. मी तिसरा, अधूनमधून तोंड घालणारा. त्यातलं निवडून इथं मांडतोय. दोघांनाही वाचून दाखवलं. दोघांनीही आपली बाजू कमी आली अशी तक्रार केली, म्हणजे वाटणी बरी झाली असावी.

भाची : मामा, हे सगळं तुमच्याबरोबर जाणार. कुणाच्या उपयोगाचं ते मग?

मामा : माझ्याबरोबर माझे गुडघे पण जाणार हायेत. त्यांची पण वही करतीस काय?

भाची : चेष्टा नको. तुम्ही स्वतः सांगता, तुमच्या पॅनला कधी खोटे दाणे आले नाहीत. मग ते कसं, एवढंच सांगा.

मामा : आले नाहीत असं मी साहेबाला सांगायचो. आले की मी निस्तरायचो, म्हणून कुणाला दिसले नाहीत. पण मुद्दा तो नाही. तुझ्या लक्षात हंगामी माणसाचं गणित येत नाही. कारखाना चालतो पाच महिने, पोट चालतं बारा महिने. पट्टा पडला की घरी. मग रिटेन्शन, म्हणजे घरी बसल्याचा भत्ता. कसबी माणसाला पगाराचा जास्त हिस्सा, निमकसब्याला कमी, बिगाऱ्याला अगदीच थोडा. म्हणजे उन्हाळ्यात माझ्या घरी भाकरी किती थापायच्या ते माझ्या कसबावर ठरतं. हे मी नाही ठरवलं. कारखान्यानं ठरवलंय, कागदावर. आता तेच कसब मी हेल्परला एका हंगामात देऊन टाकलं असतं, तर पुढच्या हंगामात साहेबानं काय केलं असतं?

भाची : दोघांना कामावर घेतलं असतं.

मामा : हेल्परला पॅनवर उभा केला असता, हेल्परच्याच पगारात. आणि मला म्हटला असता, यंदा ऊस कमी हाय, तुम्ही जरा थांबा.

मला हे ऐकताना आमच्या ऑफिसातलं एक टेबल आठवलं. एका विशिष्ट प्रकारची फाइल कुठून कुठं जाते हे तिथं एकाच माणसाला ठाऊक होतं आणि बदल्यांच्या प्रत्येक यादीत त्याचं नाव येऊन पुन्हा गळायचं. आम्ही त्याला मनातून शिव्या द्यायचो. त्याच्या जागी असतो तर आम्हीही तेच केलं असतं, हेही मनातूनच.

भाचीला मात्र हे पटलं नाही. तिच्याकडे स्वतःचं दुखणं होतं.

भाची : तुम्ही पगाराचं बोलताय. मी सांगते त्याची किंमत कोण देतं ते. माझं पहिलं वर्ष. रात्रपाळी. तीनच्या सुमाराला ए पॅनला खोटे दाणे आले. काचेवर बघितलं तर मोठ्या दाण्यांच्या मध्ये पिठासारखा चुरा. पाणी घेऊन तो विरघळवला, त्यात वाफ गेली, वेळ गेला. मागं सिरपच्या टाक्या भरल्या, मिलला स्पीड कमी करा म्हणून सांगावं लागलं. सकाळी चीफ केमिस्टनी सगळ्यांदेखत झाडलं मला. आणि मग सकाळपाळीचे पॅनमन आले. दांडा ओढला, बोटांत धरलं, म्हणाले, "जळीत हाय. कालपासनं हाय." कालपासनं! आदल्या दिवशी मला चार्ज देताना एक शब्द काढला नव्हता त्यांनी.

जळीत म्हणजे काय ते सांगतो, कारण भांडण त्यावरच तापलं. फडाला आग लागली किंवा लावली, आणि तो ऊस वेळेत गाळपाला आला नाही, की त्यात जिवाणू वाढतात आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात. पाक बुळबुळीत होतो, दाणा सावकाश वाढतो आणि चौकोनी व्हायच्या ऐवजी सुईसारखा लांबतो. लॅबला हे मोजून सांगता येतं, पण मोजायला कुणी सांगितलं तर. बोटाला ते लगेच कळतं. आणि ज्याला कळलंय तो पॅनची चाल बदलतो. सिरप बेतानं घेतो, दाण्याला वेळ देतो.

मामा : त्याला तू विचारलंस?

भाची : चार्ज देताना का विचारायचं? सांगायचं असतं.

मामा : तू नवी. डिग्री घेऊन आलेली. दोन वर्षांत तू त्याची साहेब होणार, तो तिथंच राहणार. तुला पडताना बघायला त्याला मजा आली असणार. वाईट हाय, पण हाय.

भाची : आणि साखर? ती तर दोघांची होती ना!

मामा : साखर सभासदांची. तुझ्याकडं मालकाची. दोघांचा फक्त पगार. *(थोडा थांबून)* पण चार्ज देताना सांगायला पाहिजे होतं. तिथं तो चुकला. ऊस जळीत हाय, एक नंबरचा पंप आवाज करतोय, चार नंबरच्या पॅनचा व्हॉल्व्ह बसत नाही, ही विद्या नव्हे, ही बातमी. विद्या ठेवावी, बातमी ठेवू नये.

भाची : छान फोड केलीत. पण ऊस जळीत आहे हे त्यांना कळलं कशावरून? बोटावरून. म्हणजे तुमची बातमी विद्येच्याच पोटातून येते. त्यांनी मला बोट दिलं असतं, तर बातमी माझी मला कळली असती. मला कायम तुमच्या बातमीवर का जगायला लावता?

यावर मामानं सुपारी कातरायला घेतली. उत्तर दिलं नाही. मला वाटतं, त्या दुपारी हा एकच वार त्याला लागला.

थोड्या वेळानं तो आपण कसे शिकलो त्यावर आला. त्याचा उस्ताद उत्तर प्रदेशातला होता. जुन्या काळी साखरेतली बरीच तांत्रिक मंडळी तिकडची किंवा तिकडं शिकलेली. सरकारची साखर संशोधन संस्था १९३६ मध्ये कानपूरला निघाली होती, आपल्या मांजरीची संस्था आली थेट १९७५ मध्ये.

मामा : उस्ताद मोठा गुणी. पण दाणा धरायची वेळ आली की मला म्हणायचा, जा, चाय ला. मी चहा घेऊन येईपर्यंत दाणा धरून झालेला. दर वेळी तेच. मग मी चहा आधीच आणून ठेवायला लागलो. तर म्हणाला, बिडी ला. मी बिडीचं बंडल खिशात ठेवायला लागलो. मग एक दिवस त्यानं पुन्हा चहा सांगितला, मी किटली पुढं केली. बिडी सांगितली, बंडल पुढं केलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, बैठ.

भाची : आणि शिकवलं?

मामा : काय शिकवतोय! माझा हात धरला, अंगठ्यावर पाक ठेवला, बोट दाबलं. म्हणाला, देख. मी म्हटलं, क्या देखूँ? म्हणाला, आँख से नहीं. झालं शिक्षण. त्या हंगामात त्यानं मला पुन्हा चहाला पाठवलं नाही.

भाची : द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला होता, तुमच्या उस्तादांनी बिडीवर भागवलं. स्वस्तात सुटलात.

मामा : हसू नको. त्यानं बघितलं की पोरगं मागं लागलंय. असं मागं लागणाऱ्यालाच द्यायचं असतं. वहीत लिहिलं की कुणीही उघडतंय.

मी म्हटलं, ही रीत गाण्यातही होती आणि अगदी शेजारच्या कोल्हापुरात होती. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांनी विद्या किती राखून दिली हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यानंतर त्यांची शिष्या म्हणून नाव घ्यावं ते कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णींचंच. खाँसाहेबांच्याच काळात दुसरीकडं विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्गात बसवून गाणं शिकवायला लागले. भातखंड्यांनी गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि छापल्या.

भाची : बघा! भातखंड्यांनी छापलं नसतं तर किती बंदिशी गेल्या असत्या. तुमच्या उस्तादासारखेच सगळे चहा सांगत बसले असते.

मामा : आणि भातखंड्यांच्या पुस्तकावरून मोठे गवई किती जण झाले?

भाची : पुस्तक गवई करायला नसतंच. ज्याला उस्तादाच्या दारात उभं राहता येत नाही, त्याला निदान दार कुठं आहे ते कळावं म्हणून असतं. मामा, मी मुलगी. मला कोणता उस्ताद चहा आणायला पाठवणार होता? रात्री तीनला पॅनवर उभी राहायला लागले तर पहिलं वर्ष निम्मे लोक माझ्याशी बोलायचेच नाहीत. तुमच्या रीतीत मला जागाच नव्हती. मला वहीच लागणार.

हे मला लेखात घालायला हवं असं वाटलं, कारण उस्ताद-शागिर्दीच्या गोड आठवणी सांगताना आपण हे हमखास विसरतो. मागं लागणाऱ्याला विद्या मिळते खरी, पण मागं लागायची मुभा ज्याला असते त्यालाच. मामाच्या कारखान्यात हेल्पर कुठल्या गावचे, कुणाचे पाहुणे, हेही काय लपून राहिलेलं नाही.

मामा त्यावर एवढंच म्हणाला, "ते खरं हाय."

मग भाचीनं इंग्लंड काढलं. तिला वाफेच्या यंत्रांचा इतिहास आवडतो. कॉर्नवॉल भागात तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या, खोल, पाण्यानं भरणाऱ्या. पाणी उपसायला वाफेची इंजिनं. कोळसा तिथं निघत नसे, बाहेरून आणावा लागे, म्हणून महाग. जेम्स वॉटकडे १७६९ चं पेटंट होतं, संसदेनं ते १८०० पर्यंत वाढवून दिलं होतं. जुन्या इंजिनाच्या मानानं जो कोळसा वाचेल त्याच्या एक तृतीयांश रक्कम वॉट आणि त्याचा भागीदार खाणीकडून घेत. दुसऱ्या कुणी सुधारणा केली की कोर्टात खेचत.

भाची : पेटंट संपलं आणि १८११ पासून तिथं एक मासिक अहवाल निघायला लागला. जोएल लीन नावाच्या खाणीवरच्या माणसानं सुरू केला. कुठल्या खाणीवर कोणतं इंजिन, त्याची रचना काय, एका मापाच्या कोळशात किती पाणी उपसलं. सगळं छापून, सगळ्यांना. एकमेकांचे स्पर्धक असलेले इंजिनिअर एकमेकांचे आकडे वाचायचे, काय बदललं ते बघायचे, आपल्या खाणीवर करायचे. ट्रेव्हिथिकनं १८१२ मध्ये जास्त दाबाचं नवं इंजिन बसवलं, त्याचं पेटंटसुद्धा घेतलं नाही. पुढच्या तीसेक वर्षांत तेवढ्याच कोळशात सरासरी तिपटीहून जास्त पाणी निघायला लागलं. कुणा एकाच्या डोक्यातून हे आलं नाही. सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं म्हणून आलं.

मामा : अहवालात इंजिनिअरचं नाव असायचं?

भाची : असायचं. इंजिनापुढं.

मामा : मग! चांगला आकडा छापून आला की दुसरी खाण बोलवत असणार त्याला.

भाची : हो. नावामुळंच काम मिळायचं.

मामा : आणि खाणीचे मालक?

भाची : एकाच माणसाचे अनेक खाणींत भाग असायचे. त्यामुळं एका खाणीची युक्ती दुसरीत गेली तरी त्यांचं नुकसान नव्हतं.

मामा : म्हणजे सांगणाऱ्याला नाव, ऐकणाऱ्याला फायदा, मालकाला दोन्हीकडनं वाटा. असल्या ठिकाणी मी पण सांगितलं असतं. रोज सांगितलं असतं. आता आमच्याकडं बघ. रिकव्हरी वाढली की पेपरात फोटो चेअरमनचा. बक्षीस मिळालं तर कारखान्याला, कार्यकारी संचालकाला, चीफ केमिस्टला. पॅनमनचं नाव मी तरी कधी वाचलं नाही. पॅनच्या लॉगबुकात सुद्धा आम्ही सही करतो ती शिफ्टची. कुठल्या पॅनचा दाणा कुणी धरला ते कुठं लिहितात?

भाची गप्प. मीही. कॉर्नवॉलचं उदाहरण तिनं आपल्या बाजूनं आणलं होतं, ते मामानं उलटं करून तिच्याच पुढ्यात ठेवलं. पण मामा जिंकला असं मी म्हणणार नाही, कारण पुढच्याच गोष्टीत तो स्वतः सापडला.

ती गोष्ट मळीची आहे. साखर तीन टप्प्यांत काढतात, ए, बी आणि सी. एच्या मळीत उरलेली साखर बीमध्ये, बीच्या मळीत उरलेली सीमध्ये. सी शिजवणं सगळ्यात अवघड. माल घट्ट, साखर कमी, घाण जास्त. पॅन तासन् तास चालतो, घाई केली की बिघडलाच. मामाची खरी ख्याती सीची. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मळीपासून इथेनॉल करण्याची वाट खुली झाली, भाव चांगला मिळू लागला आणि पुष्कळ कारखान्यांनी सी शिजवणं बंद किंवा कमी केलं. बीची मळी सरळ डिस्टिलरीला.

मामा : साहेब मला म्हणाला, आता तुमच्या सीचं काय काम राहिलं नाही. हसत म्हणाला. सगळी हयात घालवून मिळवलेली विद्या, दिल्लीत एक कागद निघाला आणि भंगारात. मी निवृत्त झालो तेव्हा एकानं सुद्धा विचारलं नाही की सी कसा शिजवायचा.

भाची : आणि मग डिसेंबर २०२३.

मामा : व्हय. ऊस कमी, साखर कमी पडंल म्हणून सरकारनं इथेनॉलसाठी रस आणि सिरप वापरायला एकदम बंदी आणली, बी-हेवीला हात आखडला. ऐन हंगामात. पुन्हा सी शिजवा! नव्या पोरांनी सी बघितलाच नव्हता. त्याच साहेबाचा फोन.

भाची : गेलात?

मामा : गेलो. रोजचे पैसे ठरवून गेलो.

भाची : आणि शिकवलंत?

मामा : शिकवलं. दिवसपाळी, रातपाळी, उभं राहून. पोरांच्या बोटाला पाक लावून.

भाची : म्हणजे विद्या ठेवावी वगैरे सगळं थोतांड.

मामा : थोतांड काय त्यात? मी कधी म्हटलं देणार नाही? फुकट देणार नाही म्हटलं. आणि विचारल्याशिवाय देणार नाही म्हटलं. दोन्ही झालं.

भाची : मग तुम्हाला त्या स्क्रीनवरचे ग्राफ वाचायला कुणी शिकवलं? मागच्या वर्षी तुम्हीच सांगत होता, कंडक्टिव्हिटीची रेघ अशी वळली की समजायचं म्हणून. तुमच्या वेळी तर तो संगणक नव्हता पॅनवर.

मामा : तिथलंच एक पोरगं हाय, इन्स्ट्रुमेंटचं. त्यानं दाखवलं.

भाची : किती घेतले?

मामा : *(बऱ्याच वेळानं)* वडापाव.

हसून झाल्यावर मामानं सावरायचा प्रयत्न केला. तो पोरगा कायम नोकरीत आहे, म्हणाला. कायम माणूस उदार असतो. हे वाक्य मला वहीत लिहून ठेवावंसं वाटलं, पण भाचीनं ते तसंच राहू दिलं नाही. तिचे चीफ केमिस्टही कायम आहेत. तरी जुन्या हंगामांचे आकडे कुलपात ठेवतात, शिफ्टच्या माणसांना दाखवत नाहीत. त्यांना कुणाची भीती? मामा म्हणाला, चेअरमनची. असेलही. पण मला वाटतं काही माणसांना भीती नसतानाही राखायची सवय लागते. ज्या घरात लहानपणी सगळं मोजून मिळालं, तिथला माणूस पुढं श्रीमंत झाला तरी डब्याची झाकणं घट्ट लावतो. त्यावर पगारवाढ हा उपाय नाही, आणि मामाच्या हिशेबात या माणसाला जागा नाही. तरी मी एकूण मामाच्याच बाजूला थोडा जास्त कलतो. "जुनी माणसं सांगत नाहीत" ही तक्रार जो तो त्या माणसापाशीच करतो. त्याचा पगार कोण ठरवतं, त्याला उन्हाळ्यात कोण विचारतं, याकडं फारसं कुणी बघत नाही. भाचीचं नुकसान मात्र खरं आहे, आणि ते तिनं का सोसावं याला मामाकडं उत्तर नव्हतं.

एका बाबतीत मात्र दोघांचं लगेच जमलं. मळीच्या टाकीचा विषय निघाला होता. उन्हाळ्यात साठवलेली मळी आपोआप तापायला लागते, फेस येतो, टाकी उतू जाऊ शकते. बाहेरून पाणी सोडून, मळी फिरवत ठेवून ती थंड ठेवावी लागते. आणि रिकाम्या टाकीत साफसफाईला माणूस उतरवताना आतली हवा तपासावी लागते, नाहीतर उतरलेला माणूस वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या आपण वाचतोच.

मामा : हे मी कधी कुणापासनं लपवलं नाही. बिगाऱ्याला सुद्धा सांगितलं, त्यानं विचारलं नसताना सांगितलं. एकदा एका पोराला शर्टाला धरून मागं ओढलंय.

भाची : म्हणजे तुमच्याकडं तीन कप्पे आहेत. जिवाची गोष्ट न विचारता. बातमी चार्ज देताना. आणि विद्या...

मामा : विद्या भाव ठरल्यावर.

भाची : ठीक आहे. मग भाव सांगा. मी गंभीरपणे विचारतेय. आमच्याकडं ऑक्टोबरात बॉयलर पेटणार, मोळी टाकली की ट्रायल. तुम्ही महिनाभर यायचं.

मामानं पहिल्यांदा पाय खाली घेतले आणि सरळ बसला. मग अटी निघाल्या, आणि त्या मला अपेक्षित नव्हत्या. पैशाची अट होती, पण शेवटून पहिली. आधी म्हणाला, ज्या दोघांना शिकवायचं ते ठरवताना साहेबानं पाहुणे पाठवू नयेत. आज पॅनवर हेल्पर आहेत त्यांतूनच घ्यायचे. त्यांना शिकल्यावर पॅनमनची ग्रेड द्यायची, लेखी. जे पॅनमन निवृत्त होतायत त्यांनाही बरोबर घ्यायचं, "नाहीतर मी त्यांच्या पोटावर पाय देऊन आलो असं होईल." आणि लॉगबुकात एक रकाना वाढवायचा.

भाची : कसला?

मामा : दाणा कुणी धरला. नाव. पॅन सोडेपर्यंत काय काय केलं ते त्यानं सांगायचं, तू लिहायचं. म्हणजे तुझी वही पण झाली.

भाची : रकाना मी उद्या करते, शिफ्टचं लॉगबुक माझ्या हातात आहे. हेल्परचं चीफ केमिस्टना सांगून बघते. ग्रेड माझ्या हातात नाही, मामा. ती मालकाकडं जाणार आणि मालक म्हणणार, आधी शिकू तर दे.

मामा : आणि मी म्हणणार, आधी लिहून तर दे.

भाची : मग कसं व्हायचं?

मामा : तू विचारून ये. दसऱ्यापर्यंत सांग. आणि त्या दोन पॅनमनपैकी एक माझ्या ओळखीचा असणार, कुठल्या गावचा तो? नंबर दे त्याचा, आधी त्याच्याशी बोलतो. त्याची काय मागणी आहे ती तर कळू दे.

भाचीनं वही काढली आणि पहिल्या पानावर तो नंबर लिहून पान फाडून त्याला दिलं.